दावा आणि दाखला

‘खालील कथा वाचा आणि तिच्याविषयी तुमचे मत लिहा.’ असा प्रश्न समोर आला की वर्गातील बहुतेक मुलेमुली एकच गोष्ट करतात. ती कथाच पुन्हा सांगतात. आधी हे झाले, मग ते झाले, शेवटी असे झाले. मग खाली एक ओळ जोडतात, ‘ही कथा मला फार आवडली.’

उर्दूच्या तासाला तुम्ही धड्याचा खुलासा लिहिता, तो हाच. मराठीत त्याला सारांश म्हणतात. (येथे जरा जपून राहा. मराठीत ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण. कचेरीतले साहेब कारकुनाकडे खुलासा मागतात तेव्हा त्यांना सारांश नको असतो, उशीर का झाला ते हवे असते!) शेराची तशरीहही तुम्हांला येते. तिच्यात ओळींचा अर्थ उलगडून सांगायचा असतो. या पाठात आपण तिसरीच गोष्ट शिकणार आहोत. एखाद्या कथेविषयी आपले स्वतःचे एक म्हणणे ठरवायचे आणि त्याच कथेतले पुरावे देऊन ते वाचणाऱ्याला पटवून द्यायचे. याला समीक्षात्मक निबंध म्हणतात. उर्दूत तनकीदी मजमून.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘मराठी ही आमची दुसरी भाषा. साधे वाक्य जुळवताना दम लागतो. मत कोठून मांडणार?’ ही अडचण खरी आहे, पण जेवढी वाटते तेवढी मोठी नाही. मत मांडण्यासाठी लागणारे मराठी शब्द तुमच्या घरचेच आहेत. दावा, मुद्दा, दाखला, हरकत, जबाब: हे सगळे शब्द अरबी-फारसीतून, जुन्या दरबारी कारभाराच्या वाटेने शेकडो वर्षांपूर्वी मराठीत आले आणि इथलेच झाले. कुर्ल्याच्या किंवा अंधेरीच्या कोर्टाबाहेर पाच मिनिटे उभे राहिलात तर यांतले तीन-चार तरी कानांवर पडतील.

मात्र प्रवासात काहींचे अर्थ बदलले. उर्दूत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. मराठीत हरकत घेणे म्हणजे आक्षेप घेणे. ‘मुद्दआ’ म्हणजे तुमच्याकडे हेतू, मतलब. मराठीत मुद्दा म्हणजे बोलण्यातली एक एक महत्त्वाची बाब. ‘दाखला’ या शब्दाची तर गंमतच आहे. उर्दूत शाळेत शिरताना दाखिला मिळतो आणि मराठीत शाळा सोडताना दाखला मिळतो! पण मराठीत दाखला म्हणजे उदाहरण, प्रमाण असाही अर्थ आहे, आणि आपल्याला तोच हवा आहे.

तर समीक्षात्मक निबंध म्हणजे काय? एक दावा करायचा. त्यासाठी कथेतले दाखले द्यायचे. कोणी हरकत घेईल तर तिला जबाब द्यायचा. एवढेच. वकील अशिलासाठी जे करतो ते तुम्ही कथेसाठी करायचे, फक्त फी न घेता.

हे कोरडे बोलण्यापेक्षा एखादी कथा घेऊन करून पाहिलेले बरे. आपण अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घेऊ. अण्णाभाऊ कितीतरी वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये राहिले. तुमच्यातले काही जण रोज त्याच बाजूने शाळेत येत असतील. कथाही आपल्या उपनगरातलीच आहे.

कथा थोडक्यात अशी. भीमा हा धिप्पाड, ताकदवान माणूस. गावाहून पोट भरण्यासाठी तो मुंबईत येतो. शहरात काम मिळत नाही, राहायला जागा मिळत नाही. मग तो उपनगरात येतो आणि जंगलाच्या कडेला असलेल्या दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. बायको आणि लहान मुलगी यांच्यासह तो तेथेच राहतो. पण थोड्याच काळात खाण बंद पडते. उद्या काय खायचे, या चिंतेत फिरत असताना त्याला प्रेत जाळलेल्या जागेवरच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. त्या दिवसापासून तो रात्री स्मशानातली राख चाळू लागतो. पुरलेली प्रेतेही उकरू लागतो. बायकोला हे मुळीच आवडत नाही. पण घर त्यावरच चालते. एके रात्री तो एका श्रीमंताचे नुकतेच पुरलेले प्रेत उकरायला जातो. तेथे कोल्हे त्याच प्रेतासाठी जमलेले असतात. माणूस आणि कोल्हे यांची झुंज होते. शेवटी भीमा पहारीने प्रेताचा जबडा उघडतो, आत बोटे घालतो, आणि पहार निघताच दात बोटांवर मिटतात. मोठ्या कष्टाने तो सुटतो, पण बोटे हाडापर्यंत कापली गेलेली असतात. अंगात ताप भरतो. डॉक्टर त्याची दोन बोटे कापून टाकतात. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. ती ऐकून हा एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडतो.

हा झाला सारांश. येथपर्यंत कोणीही पोहोचतो. खरे काम पुढे आहे.

आता दावा करू. पहिला प्रयत्न असा: ‘ही कथा गरिबीविषयी आहे.’ बरोबर आहे, पण याला दावा म्हणता येणार नाही. या वाक्यावर कोण हरकत घेईल? कोणीच नाही. ज्याला कोणाचीच हरकत नसते, ते सिद्ध करण्यात काय अर्थ? हा कथेचा विषय झाला.

दुसरा प्रयत्न: ‘लेखकाने प्रभावी शैलीत समाजाचे विदारक दर्शन घडविले आहे.’ हे वाक्य कोठून आले ते तुम्हांलाही ठाऊक आहे आणि तपासणाऱ्यालाही. ते गाईडमधले आहे. अशा वाक्याची एक सोपी परीक्षा आहे. त्याला दुसऱ्या कोणत्याही कथेचे नाव लावून पाहा. तरीही ते बसत असेल, तर ते तुमच्या कथेविषयी काहीच सांगत नाही. ‘विदारक’ हा शब्द ज्याला बोलताना कधी वापरावा लागलेला नाही, त्याने तो लिहूही नये.

तिसरा प्रयत्न: ‘वाईट कामाचा शेवट वाईट होतो, हे या कथेत दाखवले आहे.’ हा मात्र दावा आहे! याच्याशी कोणी भांडू शकेल. दाखलाही आहे: भीमाने प्रेताच्या तोंडातले सोने घेऊ पाहिले आणि बोटे गेली. वर्गातली निम्मी मुले येथे थांबतील, आणि थांबली तरी ती नापास होणार नाहीत. पण दावा पक्का आहे की नाही, हे कळण्यासाठी कथेतली एक जागा शोधावी लागते. ज्या जागी वाचताना तुम्ही अडखळलात, जिथे मनात ‘का?’ आले, ती जागा.

या कथेत ती जागा शेवटी आहे. बोटे कापली जातात आणि खाण सुरू झाल्याची बातमी त्याच दिवशी येते. का? कथेतल्या घटना आपोआप घडत नाहीत. कोणत्या दिवशी काय घडवायचे ते लेखक ठरवतो. चोरीची शिक्षा एवढेच सांगायचे असते, तर कथा तापावर संपली असती. पोलिसांनी भीमाला धरून नेले, असेही लिहिता आले असते. खाणीची बातमी आणण्याची गरजच नव्हती. ती बातमी येते म्हणूनच आपल्याला कळते की त्या दोन बोटांची किंमत काय होती.

हा ‘का?’ धरून मागे जा आणि कथा पुन्हा वाचा. आता भीमाचे हात जागोजागी दिसू लागतील. याच हातांनी तो खाणीत दगड फोडत होता. खाण बंद पडल्यावर तेच हात राख चाळतात. हातांची ताकद गेलेली नाही, फक्त त्यांना काम उरलेले नाही. कोल्ह्यांशी झुंज होते तेव्हा ती सगळी ताकद जनावरांशी लढण्यात खर्च होते. आणि शेवटी जिवंत माणसाची बोटे मेलेल्या माणसाच्या दातांत सापडतात. आता चौथा दावा तयार होतो: ‘या कथेतले खरे सोने प्रेताच्या तोंडात नाही, ते भीमाच्या बोटांत आहे.’

बघा, या वाक्यात एकही अवघड शब्द नाही. दुसरीतल्या मुलालाही ते वाचता येईल. पण कथा दोनदा वाचल्याशिवाय ते कोणालाही लिहिता येणार नाही. निबंधाची उंची शब्दांच्या वजनावर ठरत नाही, म्हणून दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. तुमची मराठी साधी असेल तर दावा साध्या मराठीत करा. तो तुमचा असला म्हणजे झाले.

निबंधाची सुरुवात अशी करता येईल:

‘स्मशानातील सोनं या कथेत भीमा प्रेतांवरचे सोने चोरतो. म्हणून काही वाचक हिला चोरीच्या शिक्षेची कथा म्हणतील. माझ्या मते ही हातातून गेलेल्या कामाची कथा आहे. भीमाचे खरे सोने त्याच्या बोटांत होते. खाण बंद पडली तेव्हा त्या सोन्याला गिऱ्हाईक नव्हते. खाण सुरू झाली तेव्हा ते सोने उरले नव्हते.’

सहा छोटी वाक्ये. लेखकाचा जन्म नाही, प्रस्तावना नाही. ‘माझ्या मते’ एकदाच आले आहे आणि ते पुरे आहे. प्रत्येक ओळीत ‘मला वाटते’ लिहिले की दावा डळमळीत वाटतो.

पुढच्या प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा घ्या. मुद्दा सांगा, दाखला द्या, आणि त्या दाखल्यावरून काय दिसते ते लिहा. हे तिसरे काम बहुतेक जण विसरतात. उदाहरणार्थ, कोणी लिहितो, ‘भीमाला राखेत अंगठी सापडते.’ आणि पुढच्या मुद्द्याकडे जातो. पण अंगठीवरून दिसते काय? असे लिहा: ‘भीमाला राखेत अंगठी सापडते ती खाण बंद पडल्यावर. काम असते तर तो त्या वाटेला गेलाच नसता. यावरून असे दिसते की भीमा मुळात चोर नव्हता. काम सुटल्यामुळे तो स्मशानात पोहोचला.’ दाखला हा मुका साक्षीदार आहे. त्याला बोलते तुम्ही करायचे.

वाक्ये जोडणारे शब्द नीट वापरले की युक्तिवाद आपोआप उभा राहतो. उर्दूत तुम्ही ‘लिहाजा’ म्हणता तेथे मराठीत ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’. ‘ताहम’ असेल तेथे ‘तरीही’. ‘इसके बरअक्स’ असेल तेथे ‘याउलट’. आणखी एक गोष्ट. कथेतल्या घटना शक्यतो वर्तमानकाळात सांगा: भीमा राख चाळतो, भीमा रडतो. कथा उघडली की तो आजही रडत असतोच.

आता हरकतीकडे वळू. येथे बरेच जण कच खातात. आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट लपवली तर बरे, असे त्यांना वाटते. पण तपासणाऱ्याने कथा वाचलेली असते! तो म्हणेल, ‘बोटे दुसऱ्या कोठेही जायबंदी झाली असती. ती प्रेताच्या तोंडातच अडकली, म्हणजे ही चोरीचीच शिक्षा नाही का?’ ही हरकत जोरदार आहे आणि ती जोरदार आहे असे मोकळेपणाने लिहावे. मग जबाब द्यावा.

जबाब देताना तुमची उर्दू उपयोगी पडेल. प्रेमचंदांची ‘कफन’ ही कथा पाहा. ती १९३५ साली ‘जामिया’ या उर्दू मासिकात आली. तेथेही मृत्यू आहे, भूक आहे आणि मेलेल्या माणसाच्या वाट्याचे काहीतरी जिवंतांनी खाणे आहे. घीसू आणि माधव हे बापलेक कफनासाठी जमवलेले पैसे दारूत आणि पुऱ्यांत उडवतात. पण दोघेही कामचुकार आहेत. काम मिळाले तरी टाळतात. भीमा याउलट आहे. त्याला काम हवे आहे. खाण सुरू झाली, एवढ्या बातमीने तो रडतो. घीसू-माधवला अशी बातमी आली असती तर ते कदाचित कूस बदलून झोपले असते. म्हणजे भीमाचे रडणे चोरी पकडली गेल्याचे नाही. काम समोर आहे आणि हात नाहीत, याचे आहे. दोन कथा शेजारी ठेवल्या की एकीतली जी गोष्ट डोळ्यांतून सुटली असती ती दिसू लागते. उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्याला ही सोय आहे, ती फक्त मराठी वाचणाऱ्याला नाही.

लेखकाच्या चरित्राचे काय करायचे? मुलांना ते पाठ असते आणि ते कोठेतरी ओतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. ते शाळेत जेमतेम दीड दिवस गेले, असे सांगतात. १९४४ साली त्यांनी शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा मराठी पोवाडा ऐकायला हजारो माणसे जमत. १९६८ मध्ये अण्णाभाऊ चिरागनगर सोडून गोरेगावला राहायला गेले आणि १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. ही सारी माहिती मोलाची आहे. पण आपल्या दाव्याला तिचा उपयोग काय? कलापथकाच्या सालाने भीमाच्या बोटांविषयी काहीच सिद्ध होत नाही. म्हणून ती वहीत ठेवावी, निबंधात आणू नये.

एक गोष्ट मात्र उपयोगी आहे. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याच्या उद्‌घाटनाच्या भाषणात अण्णाभाऊंनी एका जुन्या समजुतीला छेद दिला. पृथ्वी शेष नावाच्या नागाच्या मस्तकावर तोललेली आहे, अशी ती समजूत. (तुमच्या आजीने कदाचित बैलाच्या शिंगावर असे सांगितले असेल.) अण्णाभाऊंचे म्हणणे असे की ती दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातांवर तोललेली आहे. म्हणजे कष्टकऱ्याचा हात ही गोष्ट या लेखकाला किती मोठी वाटत होती ते कळते. हा आधार चालेल. तरी तो शेवटी, एका वाक्यात. पहिला साक्षीदार नेहमी कथाच.

स्थळाविषयीही तसेच. अंधेरीत राहणाऱ्यांनी गिल्बर्ट हिल पाहिली असेल. सुमारे ६१ मीटर उंचीचा काळ्या दगडाचा तो उभा सुळका. भोवतालचा दगड खाणींनी तोडून नेला आणि तेवढा मधोमध उरला. मुंबईच्या इमारती आणि रस्ते ज्या दगडावर उभे राहिले त्यातला बराच आपल्या उपनगरांच्या टेकड्यांतून गेला, आणि तो भीमासारख्यांनी फोडला. हे डोळ्यांसमोर ठेवून कथा वाचली की खाण बंद पडणे म्हणजे काय ते अधिक कळते. पण निबंधात टेकडीचे वर्णन सुरू झाले की भीमा मागे पडतो. एखादी ओळ पुरे.

तुमचा दावा वेगळा असेल तर? असू द्या. कोणी म्हणेल, ‘शेजारीपाजारी भुताला भितात आणि भीमा भुकेला भितो, ही दोन भीतींची कथा आहे.’ छान दावा आहे. कोणी बायकोच्या बाजूने लिहील: तिला नवऱ्याचे काम आवडत नाही, पण चूल त्याच सोन्यावर पेटते, मग ती त्या कामात भागीदार आहे की नाही? हा प्रश्न माझ्या दाव्यापेक्षाही अवघड आहे. त्याचे उत्तर कथेत शोधावे लागेल, आणि सापडेल तितकेच सांगावे लागेल. जे कथेत नाही ते बायकोच्या तोंडी घालता येणार नाही.

शेवटच्या परिच्छेदात ‘म्हणून आपण चोरी करू नये’ असा उपदेश लिहू नका. तो तुम्ही पाचवीत लिहून झाला आहात. पहिल्या परिच्छेदातलीच वाक्ये उलटसुलट करून पुन्हा लिहू नका. दाव्यावरून पुढे काय दिसते ते एका-दोन ओळींत लिहा. जसे: ‘भीमाला खाण बंद झाल्याचे कोणी आधी सांगितले नाही आणि ती पुन्हा कधी सुरू होईल हेही सांगितले नाही. थोडे दिवस आधी हे कळले असते, तर बोटे वाचली असती.’

स्वाध्याय

१. ‘ही कथा आईच्या प्रेमाविषयी आहे’ हे वाक्य दावा आहे की विषय? कोणी हरकत घेईल असे त्याचे रूपांतर करा. कथा तुमच्या उर्दू किंवा मराठी पुस्तकातली कोणतीही घ्या.

२. हरकत, खुलासा, दाखला आणि तक्रार हे शब्द प्रथम उर्दू अर्थाने आणि मग मराठी अर्थाने वाक्यांत वापरा. घरी मोठ्या माणसांना विचारून असे आणखी दोन शब्द शोधा.

३. ‘स्मशानातील सोनं’ ही कथा ग्रंथालयातून मिळवून पूर्ण वाचा. भीमाची बायको त्याच्या कामात भागीदार आहे की नाही, याविषयी एक दावा करा. कथेतले तीन दाखले द्या. मग वही शेजारच्या मित्राला किंवा मैत्रिणीला द्या आणि त्यांना हरकत लिहायला सांगा. जबाब दुसऱ्या दिवशी लिहा.